स्रेब्रेनित्साची साक्ष : वंशसंहारानंतरची स्मृती आणि समकालीन कला

प्रास्ताविक

अरबी-फारसी परंपरेतील ‘शहादत’ या शब्दाला साक्ष आणि बलिदान असे दोन अर्थ आहेत. बोस्नियातील मुस्लिम समाजाच्या भाषेत रूढ असलेला ‘शेहिद’ हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. परंतु ज्याचा बळी गेला तो साक्ष देण्यास मागे उरत नाही. त्यामुळे वंशसंहारानंतर साक्ष कोणी द्यावयाची आणि कशाच्या आधारे, हा इतिहासापुढील मूलभूत प्रश्न ठरतो. जुलै १९९५ मधील स्रेब्रेनित्साच्या संदर्भात न्यायालयाने आणि विज्ञानाने या प्रश्नाला आपापली उत्तरे दिली. कलेनेही एक उत्तर दिले. प्रस्तुत लेखात दोन बोस्नियन महिला कलावंतांच्या कृतींच्या आधारे या तिसऱ्या उत्तराचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युगोस्लाव्हियाच्या विघटनातून १९९२ मध्ये बोस्नियात युद्ध सुरू झाले. पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे छोटे शहर आसपासच्या गावांतून हुसकावलेल्या बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, निर्वासितांनी भरून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १६ एप्रिल १९९३ रोजी ठराव क्रमांक ८१९ अन्वये हा प्रदेश ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला. पुढे त्याच्या रक्षणाची जबाबदारी डच शांतिसैनिकांकडे आली. शहराजवळच्या पोतोचारी येथील बॅटरीच्या कारखान्यात त्यांचा तळ होता.

११ जुलै १९९५ रोजी रात्को म्लादिच याच्या नेतृत्वाखालील बोस्नियन सर्ब सैन्याने शहर ताब्यात घेतले. स्त्रिया व लहान मुले बसगाड्यांतून बाहेर पाठवण्यात आली. पुरुष व किशोरवयीन मुले वेगळी काढण्यात आली. जंगलातून तुझ्लाकडे निघालेले अनेक जण वाटेत पकडले गेले. अवघ्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे ठार मारण्यात आले.

गुन्हा एवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून मृतदेह दूरच्या ठिकाणी पुन्हा पुरण्यात आले. परिणामी एकाच व्यक्तीची हाडे दोन-दोन, तीन-तीन कबरींत विखुरली गेली. म्हणजे हत्येपाठोपाठ साक्षही नष्ट करण्याचा हा प्रयत्न होता. स्रेब्रेनित्साविषयीच्या कलेचा विचार या वस्तुस्थितीपासूनच सुरू करावा लागतो.

न्यायालय आणि विज्ञान

हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाने २००१ मध्ये जनरल क्रस्तिच खटल्यात ही घटना वंशसंहार असल्याचा निर्णय दिला. २००४ मध्ये अपिलातही तो निष्कर्ष कायम राहिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही २००७ मध्ये तेच मान्य केले. दुसरीकडे, नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने आणि उकरून काढलेली हाडे यांची डीएनए तपासणीने सांगड घालून सुमारे सात हजार बळींची ओळख पटवण्यात आली. सुमारे एक हजार जणांचा शोध अद्याप लागलेला नाही.

या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि न्यायालय साक्षीदाराला विचारते ते काय घडले, कोठे घडले आणि कोणी केले एवढेच. जो परत आला नाही त्याची घरातील जागा रिकामी राहिली, हे निकालपत्राच्या कक्षेत बसत नाही. कलेचे कार्य येथे सुरू होते.

भिंतीवरचा मजकूर

साराय्हेवो येथे १९७६ मध्ये जन्मलेल्या शेय्ला कामेरिच यांनी ‘बोस्नियन गर्ल’ ही कृती २००३ मध्ये सादर केली. पोतोचारीच्या लष्करी निवासातील भिंतीवर एका अज्ञात डच सैनिकाने १९९४-९५ च्या सुमारास बोस्नियन मुलींचे दात, मिशा व अंगाचा वास यांवरून हिणवणारा मजकूर लिहिला होता. कामेरिच यांनी तोच मजकूर त्याच हस्ताक्षरात स्वतःच्या कृष्णधवल छायाचित्रावर छापला. ते छायाचित्र तारिक सामाराह यांनी टिपलेले होते. ही कृती भित्तिपत्रके आणि पोस्टकार्डे यांच्या रूपाने सर्वत्र पोहोचली.

या कृतीत रक्त नाही, कबर नाही. कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारी एक तरुणी आणि तिच्यावर उमटलेली शिवी, एवढेच आहे. संरक्षणासाठी आलेला सैनिक संरक्षितांकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता, याची साक्ष त्याच्याच हस्ताक्षरात मिळते. जगाची उदासीनता हा शब्द एरवी फार मोघम वाटतो. येथे त्याला एक भिंत आणि एक हस्ताक्षर लाभले आहे. नेदरलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तळावरून बाहेर काढलेल्या सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत डच राज्याची मर्यादित जबाबदारी निश्चित केली. या कृतीने सोळा वर्षे आधीच त्या जबाबदारीकडे बोट दाखवले होते.

न प्यालेली कॉफी

आईदा शेहोविच यांचा जन्म १९७७ मध्ये बान्या लुका येथे झाला. १९९२ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पतीसोबत बसून घेतलेली कॉफी सर्वांत जास्त आठवते, हे स्रेब्रेनित्सातील एका विधवेचे बोलणे त्यांच्या ‘श्तो ते नेमा’ या स्मारकामागची प्रेरणा ठरले. या शीर्षकाचा अर्थ ‘तू का नाहीस?’ असा आहे.

बोस्नियात कॉफी ‘फिल्जान’ नावाच्या बिनकानाच्या छोट्या पेल्यातून देतात. मराठीतील ‘पिंगाण’ हा त्याच फारसी मुळातून निघालेला शब्द आहे. स्रेब्रेनित्साच्या महिलांच्या संघटनेच्या साहाय्याने जमवलेले ९२३ पेले २००६ मध्ये साराय्हेवोत प्रथम मांडण्यात आले. त्यानंतर दरवर्षी ११ जुलै रोजी निरनिराळ्या शहरांच्या चौकांत हे स्मारक उभे राहिले. ये-जा करणारे लोक थांबत, ताजी कॉफी पेल्यात ओतत आणि पेला जमिनीवर ठेवत. ती कॉफी कोणी पीत नसे. जगभरच्या बोस्नियन कुटुंबांनी आपल्या घरचे पेले दिल्याने संख्या वाढत गेली. २०२० मध्ये, हत्याकांडाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, पोतोचारी येथेच अधिकृत नोंदीतील ८,३७२ बळींमागे एकेक पेला मांडला गेला आणि या स्मारकाचा प्रवास संपला.

येथे प्रेक्षक केवळ प्रेक्षक राहत नाही. अनोळखी मृतासाठी पेला भरणारा माणूस घटनेचा साक्षीदार नसतो; पण एका माणसाच्या अनुपस्थितीचा साक्षीदार तो निश्चितच होतो.

कलेच्या मर्यादा

अशा कलेबाबत एक आक्षेप घेतला जातो, तो म्हणजे दुःखाचे सौंदर्यात रूपांतर केल्याने त्याची धार बोथट होते. हा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. शिवी पुन्हा छापल्याने ती पुन्हा दिली जाते काय, हा प्रश्नही रास्त आहे. परंतु कामेरिच यांनी ती दुसऱ्या कोणावर न छापता स्वतःच्या प्रतिमेवर छापली. शेहोविच यांनी मृतांच्या तोंडी एकही शब्द घातला नाही. कॉफी तशीच राहते, कारण ती पिणारा नाही. ही रिकामी जागा कला भरून काढू शकत नाही, याची कबुली त्या कृतीतच आहे.

समारोप

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २३ मे २०२४ रोजी ११ जुलै हा स्रेब्रेनित्साच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. ठरावाच्या बाजूने ८४, विरोधात १९ मते पडली आणि ६८ देश तटस्थ राहिले. निकाल लागूनही नकार संपलेला नाही, हे या आकड्यांवरून दिसते. ज्या माता आज पोतोचारीच्या कबरींपाशी उभ्या राहतात त्या उद्या नसतील. त्यानंतर कागदपत्रे राहतील, हाडांची नोंद राहील. पण साक्ष म्हणजे केवळ नोंद नव्हे. ती ऐकणारा आणि पुढे सांगणारा माणूस लागतो. असा माणूस घडवण्याचे काम या कृतींनी केले आहे, आणि वंशसंहारोत्तर कलेचे ऐतिहासिक मोल त्यातच आहे.