शिष्यवृत्तीचा अर्ज आणि समतेचा वारसा

स्मरणिकेतील इतिहासलेख सामान्यतः आपल्या कुळांच्या मूळ गावांविषयी, कुलदैवतांविषयी अथवा ज्ञातीतील कर्त्या पुरुषांविषयी असतो. यंदा आम्ही निराळा विषय घेतला आहे. त्याला एक प्रसंग कारण झाला, तो आधी सांगणे उचित होईल.

आकुर्डीतच लहानाची मोठी झालेली व येथेच पदवीधर झालेली आपल्या ज्ञातीतील एक कन्या कार्यकारिणीच्या मासिक सभेस आली. पदव्युत्तर शिक्षणासाठी तिला परदेशी जावयाचे आहे. नागरी हक्कांच्या लढ्यातील मूल्यांच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज तिने सोबत आणला होता. गुणपत्रके, शिफारसपत्रे, खर्चाचा अंदाज हे सर्व तयार होते. एक रकाना मात्र कोरा होता. माणसामाणसांतील समतेच्या कार्याशी आपला स्वतःचा संबंध काय, तो अनुभवाने लिहावा, असे त्यात विचारले होते. "काका, आपण इथे काय लिहायचे?" असे तिने विचारले, आणि सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्या शांततेचे उत्तर शोधावे म्हणून आम्ही जुने ग्रंथ चाळू लागलो. शिष्यवृत्ती ही गोष्ट आपल्या प्रांतात कशी आली, ती कोणाला मिळे, आणि अर्जदारास कोणते प्रश्न विचारले जात, याचा हा संक्षिप्त आढावा.

विद्येसाठी द्रव्य देण्याची प्रथा आपल्या परिसरास नवी नाही. आकुर्डीहून लोहमार्गाने काही स्थानके पुढे असलेल्या तळेगावी सेनापती दाभाडे श्रावणमासात विद्वानांस दक्षिणा देत असत. पुढे ती प्रथा पेशव्यांनी पुण्यास चालविली. ही दक्षिणा ब्राह्मणांपुरती होती. विद्येची परीक्षा होई, परंतु त्या परीक्षेस बसण्याचा अधिकार जन्माने ठरे. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टन साहेबांनी तो निधी मोडला नाही, आणि १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती त्यातूनच. १८४९ साली लोकहितवादी व त्यांचे सहकारी यांनी सरकारकडे अर्ज करून, या निधीचा काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथरचनेस द्यावा, अशी मागणी केली. पुण्यात त्यावरून मोठे काहूर उठले, आणि अर्जदारांच्या पाठीशी तरुण जोतीराव फुले उभे राहिले. पुढे याच दक्षिणेतून महाविद्यालयीन फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे हे अशा दक्षिणा फेलोंपैकी एक होत. जन्मावरून गुणाकडे निधीचा मोहरा वळण्यास अशी कित्येक वर्षे लागली, आणि प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी अर्जाने पडले.

ज्ञातीच्या बाहेर जाऊन शिष्यवृत्तीचे ऋण फेडणाऱ्यांत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जमखंडीस १८७३ साली मराठा कुटुंबात जन्मलेला हा विद्यार्थी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकला तो श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने. पुढे इंग्लंडातील युनिटेरियन मंडळाच्या शिष्यवृत्तीवर १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अध्ययनास गेले आणि १९०३ साली परतले. परतल्यावर त्यांस मानाची व सुखाची नोकरी दुर्मिळ नव्हती. त्यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली आणि अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. स्वतःच्या ज्ञातीतूनही त्यांस बोल सोसावे लागले.

यानंतरचा अर्ज सर्वांस ठाऊक आहे, तरी त्यातील तपशील पुन्हा पाहण्यासारखे आहेत. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या गुणांकडे लक्ष गेले ते कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींचे. त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांनी भीमरावांस महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील निवर्तले. त्याच वर्षी ४ जून रोजी बडोद्यास करारपत्रावर त्यांची सही झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे व शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावयाची, असा तो करार होता. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली ते एम्. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध त्यांनी तेथील एका अभ्याससत्रात वाचला.

शिष्यवृत्तीने विद्या दिली, परंतु समाजाने राहावयास खोली दिली नाही. १९१७ साली कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांस बिऱ्हाड मिळेना. एका पारशी वसतिगृहात त्यांनी कसाबसा आसरा घेतला, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले, आणि कोलंबियाचा हा पदवीधर एका बागेत झाडाखाली बसून अश्रू ढाळीत राहिला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. महाराजांचा हात उदार होता, तथापि त्या शहरातील आपल्यासारख्या सामान्य गृहस्थांची दारे बंद होती. हा दोष कोणत्याही संस्थानाच्या दप्तरात नोंदला गेला नाही, म्हणून तो आम्ही येथे नोंदवितो.

पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतः साठविलेल्या पैशावर, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या साहाय्यावर आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेल्या कर्जावर. सयाजीराव, केळूसकर, शाहू महाराज आणि भथेना यांच्यापैकी एकही त्यांच्या ज्ञातीचा नव्हता. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण लेखाच्या अखेरीस आम्हांस त्याकडे परत यावयाचे आहे.

अर्जदार पुढे स्वतःच शिष्यवृत्त्यांचा शिल्पकार झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले, त्यात उच्च शिक्षणासाठी द्रव्याची मागणी होती. १९४४ साली केंद्र सरकारने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १९५४-५५ पासून परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीही मिळू लागली. आज पुण्यातील बार्टी ही संस्था त्यांच्याच नावाने संशोधकांस अधिछात्रवृत्ती देते.

सातासमुद्रांपलीकडे, जेथे आपली ही कन्या जाऊ पाहते, तेथेही असाच एक अर्ज गाजला होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष हेज हे स्लेटर निधीचे प्रमुख होते. कृष्णवर्णीयांत उच्च शिक्षणास योग्य असा तरुण आम्हांस आढळत नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार १८९० साली वृत्तपत्रांत आले. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डुबॉइस नामक कृष्णवर्णीय तरुणाने ते वाचून तत्काळ आपला अर्ज धाडला. प्रथम नकार आला. त्याने पुन्हा खरमरीत पत्र लिहिले. अखेर १८९२ साली अर्धी रक्कम देणगी व अर्धी कर्ज अशा अटीवर तो बर्लिनला गेला, आणि १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. याच डुबॉइस यांना १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहून, तेथील निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. त्याही आधी, १८७३ साली, जोतीरावांनी आपली 'गुलामगिरी' गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केली होती. ज्या मूल्यांच्या नावाने ही शिष्यवृत्ती आहे, त्यांच्याशी महाराष्ट्राचा परिचय असा फार जुना आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपली कुटुंबे या भागात आली ती उद्योगांच्या मागे. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि आकुर्डीच्या माळावर स्कूटरचा कारखाना उभा राहिला. येथील पाळीत सर्व ज्ञातींचे कामगार एका नळाचे पाणी प्याले. येथून जवळच असलेल्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. इतके सर्व आपल्या उंबरठ्याशी घडले, तरी आपल्या मंडळाच्या सभेत त्याची चर्चा झाल्याचे आम्हांस जुन्या इतिवृत्तांत आढळले नाही.

त्या कन्येने रकाना अखेर स्वतःच भरला. तिच्या आजोबांच्या गावी दोन पाणवठे होते. तिचे घराणे वरच्या पाणवठ्यावर पाणी भरी, आणि खालच्या पाणवठ्यावरील स्त्रिया उन्हात कोणी पाणी वाढील म्हणून तिष्ठत असत. आजीने हे तिला सांगितले होते. 'माझ्या कुटुंबाने समतेसाठी काही केल्याची कथा मजजवळ नाही. जे केले नाही त्याची आहे, आणि तेथूनच मला आरंभ करावयाचा आहे,' अशा अर्थाचे तिने लिहिले. आकुर्डीत आल्यावर संध्याकाळी शेजारच्या वस्तीतील मुलांस ती गणित शिकवीत असे, हे तिने दोनच ओळींत सांगितले.

कार्यकारिणीत यावर मतभेद झाला. घरची उणीव परक्यांपुढे का मांडावी, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे पडले. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि अर्ज म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. असे अर्ज भरू इच्छिणाऱ्या आपल्या मुलांस आम्ही अनुभवाने इतकेच सांगू: जे केले ते मोजके व नेमके लिहावे, मोठे शब्द टाळावे, शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी गृहस्थाकडून न घेता ज्याने आपले काम पाहिले आहे त्याच्याकडून घ्यावे, कागदपत्रे मुदतीच्या महिनाभर आधी जुळवावी, आणि नकार आल्यास डुबॉइस यांचे स्मरण करून पुन्हा लिहावे. अखेर बहुमताने मंडळाचे पत्र तिच्या अर्जास जोडण्यात आले. हा मजकूर छापावयास जाईपर्यंत निकाल लागलेला नाही.

तिच्या अर्जाने मंडळालाही एक रकाना भरावयास लावला आहे. आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमांत 'ज्ञातीतील विद्यार्थ्यांसच' असे शब्द आहेत. ज्या काळी आपल्यापैकी कोणाजवळ फीचे पैसे नसत, त्या काळी ते शब्द योग्यच होते. परंतु केळूसकरांनी असा नियम पाळला असता, तर काय झाले असते? आगामी सर्वसाधारण सभेत, निधीतील एक शिष्यवृत्ती कोणत्याही ज्ञातीच्या होतकरू विद्यार्थ्यास खुली ठेवावी, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. ज्ञातीचा अभिमान सोडा, असे आमचे म्हणणे नाही. पुढे आपल्या नातवंडांना असाच रकाना भरावा लागेल, तेव्हा त्यांना लिहावयास काही मिळावे, एवढीच इच्छा आहे.

सर्व कुटुंबांनी सभेस अगत्य उपस्थित राहावे, आणि घरातील मुलामुलींसही सोबत आणावे, ही नम्र विनंती.