रस्त्याकडेची स्मृतिबाग आणि आगाखान पॅलेसचा इतिहास

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने फाटकाबाहेरच्या पट्टीचा विषय पुन्हा निघाला आहे. कंपाउंडची भिंत आणि फुटपाथ यांच्या मधली ही अरुंद जागा. पंचवीस वर्षांत आपल्यातली बरीच माणसं गेली. त्यांच्या आठवणीसाठी इथे छोटीशी बाग करावी, अशी काही सभासदांची इच्छा आहे. तर काहींचं म्हणणं, उद्घाटनाला नारळ फुटेल, फोटो निघतील आणि दोन उन्हाळ्यांनंतर तिथे फक्त राडारोडा उरेल. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. म्हणून वार्षिक सभेत मतं मांडण्याआधी, आपल्याच पुण्यात अशी एक जागा कशी तयार झाली आणि कशी टिकली, ते पाहू.

गेलेल्या माणसासाठी वाटेवर काहीतरी करून ठेवणं ही आपली जुनी रीत आहे. गावाच्या वेशीवर वीरगळ असायचे. झाडाला पार बांधला जायचा, विहीर खोदली जायची, उन्हाळ्यात पाणपोई चालवली जायची. आजही बागेतल्या बाकांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं वाचायला मिळतंच. या सगळ्यात एक शहाणपण आहे. गेलेल्याला आता काही लागत नाही, पण वाटसरूला सावली, पाणी आणि टेकायला जागा लागते. त्याची सोय झाली की नाव आपोआप निघतं.

आता नगर रस्त्याकडे वळू. या रस्त्यावरचा आगाखान पॅलेस आपण सगळ्यांनी पाहिला आहे, निदान मुलांच्या शाळेच्या सहलीबरोबर तरी. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी तो १८९२ साली बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. पन्नास वर्षांनी या राजवाड्याचा तुरुंग झाला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन यांना इथे आणलं गेलं. दोन दिवसांनी कस्तुरबा आणि डॉ. सुशीला नय्यरही आल्या.

अटकेला जेमतेम आठवडा होत होता. १५ ऑगस्टच्या सकाळी महादेवभाईंना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय अवघं पन्नास. १९१७ पासून ते गांधीजींचे चिटणीस, पण नातं बाप-लेकाचं होतं. राजवाड्याच्या आवारातच त्यांचं दहन झालं. बहात्तर वर्षांच्या गांधीजींनी स्वतः त्यांना आंघोळ घातली आणि स्वतः अग्नी दिला.

आपल्या विषयाचा खरा धागा इथून सुरू होतो. तिथे तेव्हा ना संगमरवर होता ना पाटी. होती ती फक्त दहनाची जागा. पण गांधीजी प्रकृती ठीक असेल तेव्हा रोज तिथे जाऊ लागले. फुलं वाहायची, गीतेचा बारावा अध्याय म्हणायचा आणि परत यायचं. सुटका होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षं, हा नेम चालला. सुशीलाबेननी त्या दिवसांची रोजनिशी ठेवली होती, म्हणून आपल्याला हे कळतं. कैद्यांच्या हातात ना पैसा होता, ना जागेची मालकी. दोन पायांनी चालत जाणं आणि ओंजळभर फुलं, एवढंच त्यांच्या हातात होतं. स्मारक उभं राहिलं ते त्यातून.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी कस्तुरबा गेल्या. साठ वर्षांहून अधिक काळाचा संसार याच राजवाड्यात संपला. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या शेजारीच त्यांचं दहन झालं. चिता शांत होईपर्यंत गांधीजी तासन्‌तास तिथेच झाडाखाली बसून होते.

६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली. निघताना त्यांनी सरकारला एक पत्र लिहिलं. कुंपण घातलेली ही दहनभूमी आता पवित्र झाली आहे, तेव्हा सरकारने ती ताब्यात घ्यावी आणि आगाखानांच्या आवारातून तिथपर्यंत जाण्या-येण्याचा हक्क ठेवावा, अशी त्यात मागणी होती. जागेची देखभाल आणि रोजची प्रार्थना यांची व्यवस्था करायची इच्छाही त्यांनी कळवली. पुतळा मागितला नाही, मोठी इमारत मागितली नाही. मागितली ती वाट आणि निगा. सरकारने मात्र जागा संपादन करायला नकार दिला आणि आगाखानांशी बोलून घ्या, असं सुचवलं.

पुढे स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या दशकात, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी समाधिस्थळाचा आराखडा केला. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी अख्खा राजवाडा देशाला देऊन टाकला. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून जाहीर केलं. म्हणजे वाट कायमची खुली व्हायला पंचवीस वर्षं लागली. आपल्या सोसायटीचं आजचं वय तेवढंच आहे!

याउलट उदाहरणंही पुण्यातच आहेत. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. पानिपतानंतर पाचच महिन्यांनी. त्यांची समाधी मुठेच्या काठी नवी पेठेच्या बाजूला आहे. ज्यांच्या काळात पुणं खऱ्या अर्थाने शहर झालं, त्यांच्या समाधीजवळून आपण रोज गाड्या हाकतो, पण थांबतो किती जण? कर्वेनगरच्या बागेला काश्मीरमध्ये वीरमरण आलेल्या मेजर प्रदीप ताथवडे यांचं नाव आहे. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्या मुलांना ते कोण होते हे घरी कुणी सांगितलं, तरच ते नाव स्मारक. नाहीतर तो नुसता रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता.

आता आपल्या पट्टीबद्दल. फुटपाथलगतची जागा महापालिकेची आहे, सोसायटीची नव्हे. तेव्हा उद्यान विभागाची लेखी परवानगी आधी हवी. सार्वजनिक रस्ता आणि फुटपाथवर पुतळे किंवा बांधकामं यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना दिला आहे. म्हणजे चौथरा, कमान, ग्रॅनाइटचा स्तंभ हे विषय मुळातच बाद. आणि ते बरंच झालं म्हणायचं. झाडं मात्र लावता येतात, आणि १९७५च्या झाडांच्या संरक्षण कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ती कुणाला तोडता येत नाहीत. दगडापेक्षा झाडालाच कायद्याचं पाठबळ जास्त आहे.

पट्टी अरुंद आहे, वरून विजेच्या तारा आहेत. वड-पिंपळाचा मोह नको. बकुळ, पारिजातक, ताम्हण अशी बेताची झाडं चालतील. पहिले दोन पाऊस झाले की लावावीत. बुंध्याशी मीटरभर माती मोकळी ठेवावी, फरशी घालू नये. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, त्यानंतर झाड स्वतःचं स्वतः बघतं.

नावांवरूनही वाद नकोत. कुणी देणगी किती दिली यावर नाव ठरू नये. आपल्या फाटकावर रात्री जागलेले वॉचमनकाका आणि पहिल्या कमिटीचे अध्यक्ष, दोघंही आपल्यातूनच गेले. एका झाडाला एक नाव देण्यापेक्षा सगळी बागच सगळ्यांची असू दे. नावं आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी ऑफिसातल्या एका वहीत लिहून ठेवू. नवीन बिऱ्हाड आलं की ती वही त्यांच्या हातात द्यायची.

म्हणून वार्षिक सभेत ठराव मांडताना खर्चाच्या आकड्याच्या आधी पाण्याची पाळी लिहावी, ही विनंती. सोमवारी ए विंग, मंगळवारी बी विंग, मे महिन्यात सगळे गावाला गेल्यावर कोण, हेसुद्धा. तेवढी नावं भरली, तर बाग खुशाल करावी. नाही भरली, तर यंदा थांबावं आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं.