मुका मार आणि ध्वनीचा डोळा

मराठीत ‘मुका मार’ असा एक मार्मिक शब्दप्रयोग आहे. कातडी फाटलेली नाही, रक्त आलेले नाही, हाडही मोडलेले नाही, आणि तरी देह आतून दुखावलेला आहे, अशा दुखापतीला आपल्या भाषेने मुकी ठरविले. तिला स्वतःची साक्ष देता येत नाही. म्हणून तिच्यावर सहसा कोणी विश्वासही ठेवीत नाही. लचक, उसण, चमक हे शब्द याच कुळातले. या मुक्या माराला ध्वनीच्या साहाय्याने बोलते करण्याची विद्या जगात कशी घडली आणि आपल्याकडील कष्टकऱ्याच्या वाट्याला ती का आली नाही, हे येथे पाहावयाचे आहे.

पलसाण्यात हा विषय मांडण्यास कारण आहे. या तालुक्यात चलथाणचा सहकारी साखर कारखाना आहे, शेजारी बारडोलीचा आहे. कडोदरा-पलसाण्याच्या पट्ट्यात कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या आहेत. ऊसतोडीसाठी डांगातून आणि खानदेशातून जी कुटुंबे येतात, त्यांच्यावर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून सविस्तर लिहिले आहे. तोडणीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराचेच नाव मिळावे, यात भाषेची निर्दयता आहे असे मला वाटते. वाकून तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन वाहनात चढविणे, यात झिजतात ते खांदा, कंबर आणि गुडघा. खांद्याची कंडरा तुटली आणि हात वर जाईनासा झाला, तरी बाहेरून काही दिसत नाही. मुकादम म्हणतो, अंग चोरतो आहे.

सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगितले आहेत. हाडवैद्यांची परंपरा त्याच विषयाची. पुढे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि हाड डोळ्यांना दिसू लागले. परंतु हे किरण स्नायू, कंडरा, अस्थिबंध यांतून जवळजवळ आरपार जातात. त्यामुळे एक नवीच अडचण उभी राहिली. ‘फोटोत काही नाही’ या वाक्याने मुका मार अधिकच मुका झाला. पूर्वी केवळ मुकादम अविश्वास दाखवी, आता कागदही दाखवू लागला.

ध्वनीची कथा निराळ्या वाटेने येते. १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी असे दाखविले की काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते. या गुणाचा उपयोग करून लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुडी शोधणारा ध्वनी निर्माण केला. नंतर पोलादातील भेगा शोधण्याची यंत्रे निघाली, आणि ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये कारखान्यातील अशाच एका यंत्रावर शरीरातील गाठींचे नमुने तपासून पाहिले. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. आश्चर्य असे की त्याच १९५८ साली कार्ल डुसिक यांनी सांधा आणि त्याभोवतीच्या ऊतींत ध्वनी किती क्षीण होतो याची मोजमापे प्रसिद्ध केली. पोटाकडे जाणारी आणि सांध्याकडे जाणारी अशा दोन्ही वाटा एकाच वर्षी छापील स्वरूपात आल्या. पहिलीचा राजमार्ग झाला. दुसरी बराच काळ पाऊलवाटच राहिली.

१९७२ मध्ये गुडघ्यामागील द्रवाची गाठ आणि पायाच्या शिरेतील गुठळी यांतील भेद ध्वनिचित्राने ओळखता आला. १९७८ मध्ये संधिवातातील गुडघ्याचे सुजलेले अस्तर दिसले. १९८० मध्ये ऑस्ट्रियाचे राइनहार्ड ग्राफ यांनी नवजात बालकाचा खुबा तपासण्याची पद्धत मांडली. बालकाचा सांधा बराचसा कूर्चेचा असल्याने क्ष-किरणांना तो दिसत नसे. उच्च कंप्रतेचे शोधक आल्यावर खरी क्रांती झाली. कंप्रता जितकी अधिक, तितके चित्र सूक्ष्म, पण खोली कमी. खांद्याच्या कंडरेला ती खोली पुरते. निरोगी कंडरा चकाकत्या समांतर धाग्यांसारखी दिसते. ती तुटली की धागे खंडित होतात. स्नायू फाटला की रक्ताची काळी पोकळी दिसते. रुग्णाला हात हलवावयास सांगून तो हलताना आत काय होते तेही पाहता येते. ही सोय स्थिर क्ष-किरण चित्रात नाही. अर्थात हाडापलीकडे ध्वनी जात नाही, गुडघ्याच्या आतील अस्थिबंधासाठी एमआरआयच लागतो. आणि शोधक किंचित तिरका धरला तर धडधाकट कंडराही काळी दिसते. शिकलेल्या हाताशिवाय ही विद्या फसवी आहे.

आपल्याकडे मात्र ‘सोनोग्राफी’ म्हटले की गरोदर बाईच डोळ्यांसमोर येते. त्याचे कारण लाजिरवाणे आहे. गर्भलिंग तपासून मुली पाडण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबईत चळवळ उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. अंमल होईना, म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज हे २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. गुजरातेत ९२८ वरून ८९० वर आल्या. ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जाणाऱ्या बीडमध्ये २०११ चा आकडा ८०७ होता. ज्या यंत्राने त्या मजुराचा खांदा पाहावयाचा, ते त्याच्या बायकोचा गर्भच पाहत राहिले.

कोल्हापूरचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी प्रत्येक यंत्रावर नोंद ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसविण्याचा आग्रह धरला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो उचलून धरला. हेच देशमुख २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ही आपल्या गुजरातेतील मराठी वाचकांना आठवणीत ठेवावी अशी गोष्ट.

या बंदोबस्ताचा भार सांध्याच्या तपासणीवरही पडला. गर्भ दाखवू शकणारे यंत्र कशासाठीही वापरा, नोंदणी सारखीच. २०१२ च्या नियमाने हातात नेता येणारे यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावर कडक मर्यादा घातल्या. मैदानावर वा उसाच्या फडावर ते नेऊन खांदा पाहणे त्यामुळे अवघड झाले. याचा दोष कायद्यावर ठेवणे मला मान्य नाही. तो करण्याची पाळी ज्यांनी आणली, ते शिकलेसवरलेले लोक होते, आणि त्याची किंमत मात्र ज्याला साधी रजाही मिळत नाही त्याने मोजली.

तथापि त्याच नियमात एक फट ठेवलेली आहे. इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाला नोंदणीकृत यंत्र बाळगता येते. पलसाणा-बारडोलीच्या पडावांवर असे पथक हंगामात आठवड्यातून एकदा गेले, आणि त्यासोबत कंडरा ओळखणारा डॉक्टर असला, तर त्याला कायद्याची आडकाठी नाही.