जीपची उंची आणि कमानपाटे

कमानपाटा मोटारीपेक्षा बराच जुना आहे. घोड्यांच्या बग्गीला लंबवर्तुळाकार पाटे बसवण्याचे पेटंट ओबाडाया एलियट या इंग्रज कारागिराने १८०४ मध्ये लंडनमध्ये मागितले. पुढे मोटार आली, तेव्हा तिने ही रचना जवळजवळ जशीच्या तशी उचलली. पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या एकावर एक रचायच्या, मधोमध सेंटर बोल्टने बांधायच्या, यू-बोल्टने अ‍ॅक्सलला आवळायच्या. मुख्य पाट्याचे एक टोक चासीला पिनने पक्के असते. दुसरे टोक शॅकलवर झुलते, कारण दबल्यावर पाट्याची लांबी वाढते.

या रचनेत पाटा दोन कामे करतो. तो वजन पेलतो आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत हे दुसरे काम वेगळ्या दांड्यांकडे असते. पाट्याच्या गाडीत ते पाट्यालाच करावे लागते. त्यामुळे उंची वाढवण्यासाठी पाट्याला हात लावला की अ‍ॅक्सलचा कोन, स्टिअरिंग आणि प्रोपेलर शाफ्ट या सगळ्यांवर परिणाम होतो. पाट्याच्या गाड्या उंच करण्याच्या इतिहासातले बहुतेक घोटाळे इथूनच सुरू झाले.

या इतिहासातले मुख्य पात्र विलीज जीप. अमेरिकी सैन्याने १९४० मध्ये हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. बँटम कंपनीने पहिला नमुना दिला आणि पुढे विलीज व फोर्ड यांनी मिळून महायुद्धाच्या काळात सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून गाडी बुटकी हवी, ही सैन्याची अट होती. काच बोनेटवर आडवी पडत असे ती त्यासाठीच. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून नेल्याने चासी आणखी खाली बसली. तोटा असा की पाटा आणि यू-बोल्टची तळपट्टी हेच खडकाला आधी आपटणारे भाग झाले. ८० इंचांच्या व्हीलबेसमध्ये पाटेही आखूडच बसले, आणि आखूड पाटा ताठ असतो. युद्धासाठी केलेल्या या तडजोडी नागरी सीजे मालिकेतही उतरल्या, आणि त्या सुधारण्याच्या खटपटीतून पुढे एक सबंध धंदा उभा राहिला.

युद्ध संपल्यावर सैन्याने विकून टाकलेल्या जीप अमेरिकेच्या पश्चिम भागातले शेतकरी, शिकारी आणि हौशी लोक वापरू लागले. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये पहिला जीपर्स जम्बोरी भरला. युटा राज्यातल्या मोॲब गावात १९६७ पासून ईस्टर जीप सफारी सुरू झाली. खडकांच्या या वाटांवर मूळची अठ्ठावीस-एकोणतीस इंची चाके अपुरी पडत. डिफरन्शियलचा गोळा खडकावर टेकला की गाडी तिथेच अडकून पडे.

इथे एक साधा हिशेब आहे, आणि हौशी माणूस तो आजही विसरतो. पाटे कितीही उंच केले तरी डिफरन्शियल जमिनीपासून एक सूतही वर जात नाही, कारण अ‍ॅक्सल चाकांवर उभा असतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे, तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. २८ ऐवजी ३३ इंची टायर लावला तर अडीच इंच मिळतात. पाट्यांनी मिळालेली उंची त्या टायरला मडगार्डखाली हलायला जागा करून देते आणि गाडीचे पोट खडकापासून लांब ठेवते. टायर न बदलता नुसती उंच केलेली जीप खडकावर तितकीच अडते, वळणावर मात्र जास्त कलंडते. आखूड आणि अरुंद सीजे-५ आधीच उलटण्याबद्दल बदनाम होती. १९८० मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने त्यावर गाजलेला कार्यक्रम दाखवला.

सुरुवातीचे उपाय लोहाराच्या भट्टीतले होते. बसलेले पाटे तापवून, ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यायची. पण पोलादाला पाणी नीट चढले नाही तर काही दिवसांत ते पुन्हा बसत. त्याहून सोपा उपाय लांब शॅकलचा. शॅकल दोन इंच लांब केले की गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागचे हलत नाही. शिवाय जीपच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असत. ती लांब केली की अ‍ॅक्सल फिरून कास्टर (चाक वळवणाऱ्या धुरीचा मागे झुकलेला कोन) कमी होई आणि वेगात स्टिअरिंग भटकू लागे. मग पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये उतरती पाचर घालून तो कोन परत आणायचा, म्हणजे एका दुरुस्तीसाठी दुसरी दुरुस्ती.

तिसरा उपाय जादा पाटा घालण्याचा. पाट्याचा ताठपणा पट्ट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणून एकच आखूड, जाड पट्टी घातलेली गाडी उंच तर होई, पण प्रत्येक खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचवी. लांब आणि पातळ पट्ट्या वाढवणे जास्त शहाणपणाचे होते. ते महाग पडे, म्हणून कमी होई.

पुढे अमेरिकेत चारही चाकांना जोर मिळणाऱ्या पिकअप ट्रकांची लाट आली आणि मागचा अ‍ॅक्सल व पाटा यांच्यामध्ये ठोकळे घालण्याची पद्धत रुळली. मागच्या बाजूला दोन-तीन इंची ठोकळा चालून जातो. उंची वाढत गेली की ठोकळा तरफेसारखे काम करतो आणि अ‍ॅक्सलचा पिळा पाट्याला एसच्या आकारात मुरडतो. पुढच्या बाजूला ठोकळा घालणे धोक्याचेच, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींचा जोर तिथे येतो. उंचीच्या या वेडाचे टोक म्हणजे ‘बिगफूट’. मिसूरीच्या बॉब चँडलरने १९७४ च्या फोर्ड एफ-२५० वर ती गाडी उभारली आणि त्यातून मॉन्स्टर ट्रकांचा तमाशा जन्माला आला. त्या धंद्यानेही अखेर पाटे टाकलेच. १९८९ च्या ‘बिगफूट’ला नळ्यांची चासी आणि नायट्रोजन भरलेले शॉक होते.

जीपवाल्यांमध्ये सर्वांत मोठा बदल घडवला तो अ‍ॅक्सल पाट्याखाली नेण्याच्या कामाने. पाटा अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवला की अ‍ॅक्सलच्या नळीची आणि पाट्याच्या थराची जाडी मिळून गाडी पाचेक इंच वर जाते. तीही मूळच्या सपाट, मऊ पाट्यांवर. तळपट्टीही खडकाच्या वाटेतून निघून जाते. विलीजच्या अभियंत्यांनी बुटकेपणासाठी जे केले होते, ते इथे नेमके उलटे फिरवले गेले. काम वरवर स्वस्त वाटे: नवी बैठक वेल्ड करायची आणि यू-बोल्ट आवळायचे. खरा खर्च नंतर सुरू होई. बैठकीचा कोन चुकला तर प्रोपेलर शाफ्टचे जोड खडखडत आणि लवकर झिजत. ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडत. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाला की खड्ड्यात चाक आपोआप वळू लागे, त्यामुळे तो नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) वरच्या बाजूने जोडावा लागे. आणि मऊ पाटा आता अ‍ॅक्सलच्या वर असल्याने पिळा जास्त बसे. तो रोखायला अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंत वेगळा दांडा लावणे आले. म्हणजे पाट्याचे अर्धे काम पुन्हा दांड्यांकडे गेले.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली रँग्लर वायजे ही पुढे-मागे चारही पाटे असलेली शेवटची अमेरिकी जीप. तिचे पाटे सीजेपेक्षा लांब होते, त्यामुळे जुन्या सीजेखाली वायजेचे पाटे बसवणे हा नेहमीचा उद्योग झाला.

ऑस्ट्रेलियात प्रश्न वेगळा होता. तिथे खडक चढण्यापेक्षा पाणी, इंधन आणि सामान घेऊन शेकडो किलोमीटर कच्च्या रस्त्याने जाणे महत्त्वाचे होते. एआरबी ही कंपनी १९७५ मध्ये मेलबर्नला सुरू झाली आणि १९८८ मध्ये तिने ‘ओल्ड मॅन इमू’ हे सस्पेन्शनचे नाव घेतले. तिथल्या पद्धतीत उंचीच्या आधी वजन विचारले जाते: पुढे लोखंडी बंपर आणि विंच आहे का, मागे कायमचे सामान किती. त्यावरून पाट्यांचा पूर्ण संच आणि त्याला जुळणारे शॉक निवडायचे; उंची दीड-दोन इंच मिळते ती त्या ओघात. पाट्याची गाडी उंच करण्याची याहून समंजस रीत नंतरही कोणी काढलेली नाही.

भारतात विलीजची जीप चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. १९८५ च्या अखेरीस मारुती जिप्सी आली. तिचेही चारही पाटे अ‍ॅक्सलखाली होते, त्यामुळे हौशींच्या गॅरेजांत अ‍ॅक्सल पाट्याखाली नेण्याचे तेच काम सुरू झाले. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये अशा पालटलेल्या जिप्सी चिखलातून धावताना दिसत. खासगी जागेतल्या स्पर्धेत हे चालते. सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

तोवर पाट्यांचा काळ सरत आला होता. रेंज रोव्हरने १९७० मध्येच कॉइल स्प्रिंग घेतल्या. जीपने १९९६ मध्ये आलेल्या रँग्लर टीजेत त्या बसवल्या. २०१० च्या महिंद्रा थारला मागे पाटे होते. २०२० च्या थारने तेही सोडले. टोयोटाच्या ७९ मालिकेच्या लँड क्रूझर पिकअपखाली मात्र मागचे पाटे आजही आहेत, कारण जड ओझ्यासाठी त्याहून साधे आणि वाटेत दुरुस्त होणारे साधन तिच्या गिऱ्हाइकाला दुसरे नाही.