तानसाचें पाणी आणि गरिबाचें घर

आटगांवच्या स्टेशनावर उतरून पश्चिमेच्या रानांत शिरलें, म्हणजे कांहीं मैलांवर काळ्या दगडाची एक भिंत दृष्टीस पडते. सुमारें पावणेदोन मैल लांबीची ही भिंत म्हणजे तानसा नदीवरील धरण होय. १८९२ सालच्या मार्च महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें आणि तेथील पाणी लोखंडी नळांतून मुंबईस जाऊं लागलें. विहार, तुळशी व पवई हे जवळचे तलाव तोंपर्यंत बांधून झाले होते; परंतु वाढत्या शहराची तहान त्यांनीं भागेना. या नळाच्या एका टोकास शहापूरच्या वाड्या व पाडे, दुसऱ्या टोकास मुंबईच्या चाळी व झोपड्या. गरिबास नीट राहावयास मिळावें म्हणून सरकारनें सव्वाशें वर्षांत जे उपाय केले, त्यांचा इतिहास हीं दोन्ही टोकें पाहिल्यावांचून उमगत नाहीं.

तानसाचें पाणी येऊन चार वर्षें लोटतात न लोटतात तों, १८९६ च्या सप्टेंबरांत, मांडवी भागांत प्लेग उद्भवला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तो ओळखला. पाणी मुबलक आणलें, परंतु तें वाहून नेण्यास गटारें पुरेशीं केलीं नाहींत, म्हणून जमीन ओलसर होऊन रोग माजला, असें त्या वेळीं कित्येक जाणत्यांचें मत पडलें. खरें कारण उंदीर व पिसवा हें पुढें सिद्ध झालें. तरी अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसें कोंबलेलीं असतील तर बंगल्यांतील श्रीमंतही सुरक्षित नाहीं, एवढें मात्र सर्वांस कळून चुकलें. गरिबांच्या घराविषयींची सरकारी आस्था भीतीच्या पोटीं जन्मली, हें स्पष्ट बोललें पाहिजे. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते निघाले. दादर-माटुंग्यास टुमदार वसाहती उठल्या. परंतु रस्त्यासाठीं ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांस त्या वसाहतींचें भाडें कोठून परवडणार? ते शेजारच्या गल्लींत जाऊन आणखी दाटीनें राहूं लागले.

ट्रस्टनें जें साधलें नाहीं, तें साधावयास १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीं नवें खातें उघडलें. त्याच्या इंग्रजी नांवाचीं तीन आद्याक्षरें बी. डी. डी. आजही मुंबईच्या जिभेवर आहेत. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला होता. खर्चासाठीं कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया जकात बसविली होती. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी व सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची, भिंती सिमेंट-काँक्रीटच्या. चाळी मजबूत, परंतु बिऱ्हाडें येईनात! वरळी तेव्हां गिरण्यांपासून दूर पडे, आणि भाडें कामगाराच्या पगाराशीं जुळेना. कित्येक चाळी वर्षानुवर्षें रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळांत वरळीच्या चाळींचा सरकारनें तुरुंग म्हणून उपयोग केला. मजुरासाठीं बांधलेलें घर सत्याग्रह्यास मिळालें! पुढें याच खोल्यांतून गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या ५५६ कुटुंबांस नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मधल्या काळांत हाउसिंग बोर्ड आलें, १९७७ त म्हाडा आली, १९७१ चा झोपडपट्टी कायदा व १९९५ ची पुनर्वसन योजना आली. त्यांची जंत्री येथें नको.

नळ मात्र विसरून चालणार नाहीं. शहरांत शिरल्यावर तानसाच्या नळाच्या दोहों बाजूंस, रिकामी जागा दिसेल तेथें, हजारों झोपड्या उभ्या राहिल्या. मुंबईच्या पाण्यास घातपात होऊं नये म्हणून नळाच्या दोन्ही अंगांस दहा दहा मीटर जागा मोकळी करावी, असा आदेश उच्च न्यायालयानें २००९ सालीं दिला. आदेश वाजवी होता. परंतु उठविलेल्या लोकांपैकीं कित्येकांस पाठविलें तें माहुलास, जेथें तेलशुद्धीचे व रसायनांचे कारखाने खेटून उभे आहेत. तेथील हवा आरोग्यास घातक असल्याचें हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालींच नमूद केलें होतें. लोकांनीं दीर्घ लढा दिला. तेव्हां २०१९ सालीं न्यायालयानें माहूल सोडूं इच्छिणाऱ्यांस दरमहा १५,००० रुपये भाडें व ४५,००० रुपये अनामत देण्यास सरकारास फर्माविलें. सातमजली इमारत, पक्की खोली, स्वतंत्र नळ. सर्व असूनही तें घर नव्हतें, हें सरकारास न्यायालयाकडून शिकावें लागलें.

आतां नळाचें वरचें टोक. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा हीं मुंबईचीं जलाशयें शहापूर तालुक्यांत, आणि याच तालुक्यांतील वाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते! शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यांत ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी यांची वस्ती आहे. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानें राखीव झालीं, कात बुडाला, आणि ही जमात परक्याच्या जमिनीवर मोलमजुरीस आली. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर गवत वा कौलें, असें त्यांचें खोपट बहुधा गावठाणाबाहेर, दुसऱ्याच्या मालकीच्या तुकड्यावर असतें. १९४८ च्या कूळकायद्यानें शेतमजुरास राहत्या घरांतून घालवून देण्यास बंदी केली व घराखालील जागा विकत घेण्याचा पहिला हक्क दिला; २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलांतील घराखालची जमीनही मान्य केली. दोन्ही कायदे चांगले. परंतु दोहोंस अर्ज, पुरावा व कचेरीच्या खेपा लागतात.

१९८५-८६ सालीं इंदिरा आवास योजना सुरू झाली, २०१६ सालीं तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेनें घेतली. घर २५ चौरस मीटरचें, मदत सपाट प्रदेशांत १,२०,००० रुपये, शिवाय रोजगार हमीची मजुरी. २०२३ च्या अखेरीस आदिम जमातींसाठीं जनमन योजना निघाली, तींत महाराष्ट्रांतील कातकरी, कोलाम व माडिया गोंड यांस घरामागें दोन लाख रुपये ठरले. रक्कम वाढली हें उत्तम झालें. परंतु हप्ता मिळतो तो काम चढेल तसा: जोतें झालें कीं एक, छपरापर्यंत आलें कीं दुसरा. बांधकामाचे कोरडे महिने दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंतचे. आणि नेमक्या त्याच महिन्यांत कातकरी कुटुंब, पावसाळ्यांत घेतलेला बयाणा फेडण्यासाठीं, मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर गेलेलें असतें. तेथें तें प्लास्टिकच्या झोपडीखालीं राहतें, खर्चीवर आठवडा काढतें आणि दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडतें. पहिल्या पावसाच्या सुमारास तें वाडीवर परततें, तेव्हां जोत्याभोंवतीं गवत उगवूं लागलेलें असतें, आणि पुढचा हप्ता भिंत उभी राहण्याची वाट पाहात असतो.