परदेशी जाणाऱ्याची पेटी

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेशी जाण्याची तयारी नवी नाही. कुणाचा मुलगा दुबईला निघतो, कुणाचा जावई कुवेतला, कुणाची मुलगी शिकायला इंग्लंडला. अशा वेळी घरात दोन याद्या होतात. एक यादी आईची: मसाला, कोकम, सोडे, लोणचे, औषधे, जानमाज. दुसरी यादी एजंटची किंवा कंपनीची: पासपोर्ट, व्हिसा, दाखले, फोटो. पहिल्या यादीवर पंधरा दिवस चर्चा चालते. दुसरी यादी शेवटच्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली जाते. आपल्या स्थलांतराचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर माणसाचे नशीब बहुतेक वेळा या दुसऱ्या यादीनेच ठरवलेले दिसते.

सुरुवात केप टाउनपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातून आणि जंजिरा संस्थानातल्या गावांतून कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेच्या त्या टोकाला जाऊ लागले. 1860 पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेल्या गिरमिटियांसारखे हे लोक नव्हते. ते स्वतःच्या खर्चाने गेले आणि मिळेल ती मजुरी, फेरी, छोटे दुकान यावर उभे राहिले. बोटीच्या डेकवर प्रवास करणाऱ्याला अंथरूण-पांघरूण स्वतःचे न्यावे लागे. तांदूळ, सुकी मासळी, गूळ, मसाला हा शिधा घरून निघे. अनेक मुस्लिम घरांत निघणाऱ्याच्या दंडाला ‘इमाम जामिन’ बांधत. कापडात गुंडाळलेले ते नाणे सुखरूप पोहोचल्यावर खैरात करायचे.

पण बंदरावर उतरणाऱ्याला अधिकारी वेगळेच विचारत होता. केप वसाहतीच्या 1902 च्या कायद्याने उतरणाऱ्याने युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहून दाखवणे सक्तीचे केले. नाताळने अशीच परीक्षा 1897 मध्ये आणली होती. कायद्यात ‘भारतीय’ हा शब्द घालण्याची गरजच नव्हती, परीक्षा पुरेशी होती. ज्याला उर्दू वाचता येत होते, मोडीत हिशेब ठेवता येत होता, मराठीत पत्र लिहिता येत होते, तो माणूस त्या टेबलापुढे निरक्षर ठरला. पुढे 1906 च्या कायद्यात हिब्रू लिपीत लिहिल्या जाणाऱ्या यिडिश भाषेला युरोपीय भाषा म्हणून मान्यता मिळाली, कारण पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंच्या बाजूने बोलणारे तिथे होते. उर्दू, गुजराती, मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे कुणी ऐकले नाही. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला इतिहासातला हा तपशील फार बोचतो.

जे आधी पोहोचले होते, त्यांची सुटकाही सोपी नव्हती. निकाह करायला, आई-वडिलांना भेटायला, जमिनीचा वाद मिटवायला गावी यायचे, तर आधी फोटो लावलेला परवाना काढावा लागे आणि ठरलेल्या मुदतीत परतावे लागे. मुदत चुकली की तिथे राहण्याचा हक्क गेला. गावात आजारपण असो, बोट चुकलेली असो, त्या कागदाला कारण कळत नव्हते. वर्षानुवर्षे कमावलेले दुकान आणि घर त्या एका परवान्यावर टांगलेले असे.

शेजारच्या ट्रान्सवालमध्ये कागदाचा प्रश्न उघड लढ्यापर्यंत गेला. बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा झाली. तिथे शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून हा कायदा न मानण्याची शपथ घ्यावी असे सुचवले. 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून जास्त भारतीयांची नोंदणीपत्रे कढईत घालून जाळली गेली. गांधीजींचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो. तो एका मशिदीच्या अंगणात पेटला होता, हे आपल्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

आणि मग 1913. हसन इसोप नावाच्या माणसाची पत्नी बाई मरियम हिला दक्षिण आफ्रिकेत उतरू दिले नाही. प्रकरण केपच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. 14 मार्च 1913 रोजी न्या. सर्ल यांनी निकाल दिला, त्याचा अर्थ असा झाला की ज्या धर्मात एकापेक्षा जास्त विवाहांना मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तिथे वैध नाही. एका निकालाने हिंदू, मुस्लिम, पारशी अशा सर्व भारतीय विवाहित स्त्रिया कायद्याच्या नजरेत पत्नी राहिल्या नाहीत. पेटीत जपून नेलेल्या निकाहनाम्याची किंमत शून्य झाली. त्याच वर्षी कस्तुरबांसह अनेक स्त्रिया सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या. 1914 च्या कायद्याने एका पत्नीपुरता असा विवाह मान्य झाला, तेव्हा कुठे दरवाजा थोडा उघडला.

आखाताची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मुंबईहून मस्कत, दुबई, बहरीन, कुवेतकडे जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी जुन्या माणसांच्या अजून तोंडी आहेत. त्यांपैकी ‘दारा’ 8 एप्रिल 1961 रोजी दुबईजवळ स्फोट होऊन बुडाली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. ‘द्वारका’ 1982 पर्यंत फेऱ्या मारत होती. त्या काळात जाणारा खिशात रुपया घेऊन गेला तरी चालत होते, कारण आखातात रुपयाच चलन होता. सोन्याची तस्करी वाढली म्हणून 1959 मध्ये भारत सरकारने तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे कुवेतने 1961 मध्ये, बहरीनने 1965 मध्ये आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर दुबई-कतारनेही त्या सोडल्या. ज्या देशात एके काळी आपला रुपया चालत होता, तिथे तेलानंतर आपण त्यांच्या पैशासाठी रांगेत उभे राहिलो.

बोटी गेल्या, विमाने आली आणि आईच्या यादीला किलोची मर्यादा लागली. पण आता तीच निरुपद्रवी यादी माणसाला गोत्यात आणू शकते. आपल्या मसाल्यात खसखस असते. ती अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया यांसारख्या देशांत तिच्यावर बंदी आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा काही वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि तिथल्या परवानगीशिवाय नेल्या, तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाते. त्याहून धोक्याचे म्हणजे ‘आमच्या मुलाला एवढे द्या’ म्हणून शेजाऱ्याने दिलेले शिवलेले पाकीट. नाही म्हणणे आपल्याकडे बेअदबी मानतात. अशा वेळी पाकीट उघडून, समोर बघून मगच पेटीत ठेवावे. त्यात बेअदबी काही नाही.

कागदाची यादीही तशीच जिवावरची आहे. आपल्याच देशाच्या 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सरकारी मंजुरीची अट असते. दहावी उत्तीर्ण असेल तर ती अट लागत नाही. केपच्या परीक्षेचा हेतू माणूस अडवण्याचा होता. या अटीचा हेतू फसवणूक टाळण्याचा आहे. तरी दोन्हीकडे निकाल शाळेच्या कागदावरच लागतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मोहम्मद, महंमद आणि मुहम्मद अशी एकाच मुलाची तीन नावे मी पाहिली आहेत. पहिलीत कुणीतरी घाईत लिहिलेले एक अक्षर वीस वर्षांनी व्हिसा अडवते, आणि मग पालक दाखल्याच्या दुरुस्तीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतात. म्हणून आपल्या मुलाचे नाव आधार, दाखला, गुणपत्रिका आणि जन्मनोंद यांत एकसारखे आहे का, हे जाण्याच्या आठवड्यात नव्हे तर पाचवी-सहावीतच बघावे. निकाहनाम्याची आणि सर्व दाखल्यांची एक प्रत घरी ठेवावी, एक सोबत न्यावी. पासपोर्ट मालकाकडे ठेवून घेण्याची चाल अनेक ठिकाणी अजून आहे. तेव्हा आपण कोण, हे सांगणारी निदान छायाप्रत तरी हाताशी हवी.

या दोन याद्यांत एक गोष्ट कधीच लिहिली जात नाही. केप टाउनच्या कोकणी मुसलमानांनी खूप काही सोसले. 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याने वस्त्या रंगानुसार वाटल्या. 1966 मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि साठ हजारांहून जास्त लोक उठवले गेले. भारतीयांना रायलँड्ससारख्या वेगळ्या वसाहतीत ढकलले. इतके होऊनही मशिदी टिकल्या, गावाच्या नावाने ओळख टिकली, सांदण आणि तांदळाची भाकरीही टिकली. मागे पडली ती कोकणी बोली. म्हाताऱ्यांच्या तोंडी ती उरली आणि नातवंडे इंग्रजीत गेली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्या बंदरावर आजोबांची भाषा भाषाच मानली गेली नाही, तिथे बापाने मुलाला इंग्रजी शिकवली ती जगण्यासाठी.

नमाजाचीही एक गंमत आहे. कोकणात आपण पश्चिमेला तोंड करतो. केप टाउनमध्ये किब्ला जवळपास उत्तरेला, थोडा पूर्वेकडे येतो. गावची दिशा सोबत नेता येत नाही. नवी दिशा तिथे शोधावी लागते, आणि ती शोधताना मक्का मात्र तीच राहते. भाषेचेही असेच करता येईल. आज फोन आहे, पुस्तके आहेत, रोजचा व्हिडिओ कॉल आहे. घरची बोली बोलण्यासाठी, उर्दू वाचायला आणि मराठी लिहायला, आठवड्यातून एक तास मुलांसाठी ठेवला, तरी आपल्या पणजोबांना जे जमू दिले गेले नाही ते आपल्याला जमेल. या सामानाला वजनाची मर्यादा नाही आणि कुठल्याही विमानतळावर त्याची झडती होत नाही.