माउंटची कुळकथा
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्याकडं लग्नपत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवर येतो. लिनक्सच्या मशीनला पेनड्राइव्ह लावला की विंडोजसारखं ई किंवा एफ असं नवं अक्षर उमटत नाही. लिनक्समध्ये सगळ्या फायलींचं झाड एकच. नवी डिस्क त्याच झाडातल्या एखाद्या फोल्डरवर बसवायची, यालाच माउंट करणं म्हणतात. ही रीत पेनड्राइव्हपेक्षा कितीतरी जुनी आहे.

१९७१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली. माउंट आणि बसवलेली डिस्क सोडवणारं युमाउंट हे दोन्ही हुकूम तिच्यात आहेत. तेव्हा डिस्क माणूसच उचलून यंत्रात बसवायचा, यंत्राला त्याचा पत्ता नसायचा. ‘डिस्क बसवली आहे, अमुक फोल्डरात दाखव’ अशी वर्दी द्यायला माउंट होतं. मला ही रचना फार मोलाची वाटते. फाइल कुठल्या डिस्कवर आहे, हे काम करणाऱ्याला बघावंच लागत नाही.

पेनड्राइव्ह ज्यात खोचतात ते यूएसबी १९९६ साली आलं. ते घडवणाऱ्यांतले इंटेलचे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आले, ते ८ मेगाबाइटचे. त्यांच्याशी बोलताना जुन्या स्कझी डिस्कचेच हुकूम यूएसबीत गुंडाळून धाडले जातात. म्हणून टर्मिनलमध्ये डिस्कची यादी दाखवणारं ‘एलएसबीएलके’ दिलं की बोटभर पेनड्राइव्हही स्कझी डिस्कच्या घराण्यातलं ‘एसडीबी’सारखं नाव लावून येतो.

आधी रूट, म्हणजे मशीनचा मुख्य वापरकर्ता, होऊन हातानं माउंट करावं लागे. २००३ साली नवं उपकरण लागल्याची दखल घेणारं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं यूडेव्ह आलं आणि पुढं डेस्कटॉपच ते काम करू लागला.

युमाउंट मात्र अजून आपल्याच हातात आहे. कॉपीची पट्टी भरली तरी मजकूर काही वेळ मेमरीतच असू शकतो. युमाउंट तो पेनड्राइव्हवर उतरवतं, मगच सोडतं. छपाईच्या घाईत पेनड्राइव्ह तसाच उपटला, तर पत्रिका अर्धवट निघू शकते. माउंटचीही एक खबरदारी आहे: ते हातानं केल्यावर फायलींच्या देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर हुकुमाला ‘यूटीएफ८’ हा पर्याय जोडावा.

दुकानाच्या बॅकअपची डिस्क रोजचीच असेल, तर तिची नोंद मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठं बसवायची ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलीत करावी. तिथं एसडीबी लिहू नये, कारण उद्या ती एसडीसी होऊन येऊ शकते. डिस्कचा न बदलणारा ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, लिहावा आणि सोबत ‘नोफेल’ हा पर्याय. नाहीतर डिस्क न लावता मशीन सुरू केलं, की ते तिची वाट बघत अडून बसतं.